परदेशी मोटारीचे देशी पासिंग

कार्तिकात उत्तरेश्वराची यात्रा भरली की आटपाडीच्या गल्ल्यांतून मोटारींच्या पाट्या वाचीत हिंडण्याची मला सवय आहे. केरळ, तामिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल अशी राज्ये एकापाठोपाठ एक भेटत जातात. परगावच्या माणसाला याचे नवल वाटते. आम्हांला वाटत नाही. खानापूर आणि आटपाडी या दोन तालुक्यांतील हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. जुने दागिने आटवून त्यांतील सोने-चांदी शुद्ध करून देणे, हा तो धंदा. पावसाने दगा दिला, माळावर काही पिकेना, तेव्हा ही माणसे मूस आणि भट्टी घेऊन बाहेर पडली आणि जिथे सराफकट्टा दिसला तिथे स्थिरावली. सणासुदीला, यात्रेला, लग्नाला ती गावी येतात आणि येताना जिथे राहतात तिथल्या पासिंगची मोटार घेऊन येतात. 'गाडीचं पासिंग कुठलं?' हा आमच्याकडे कुशल विचारण्याचाच एक प्रकार आहे.

गेल्या यात्रेच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी असाच घरी आला. पदवी घेतल्यावर तो चुलत्याच्या दुकानात केरळात गेला, तिथे पंधरा वर्षे राहिला, आणि आता वडील थकल्यामुळे डाळिंबाची बाग पाहण्यासाठी कायमचा परतला आहे. येताना त्याने एक दणकट जपानी मोटार आणली. २०२३ साली तिथल्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून त्याने ती अठरा लाखांना घेतली होती. आरसी बुक त्याच्या नावावर, विमा त्याच्या नावावर, केरळातून रीतसर घेतलेली एनओसी हातात. आता 'एमएच-१०' हे आपल्या सांगली जिल्ह्याचे पासिंग करून घ्यायचे एवढेच काम उरले होते. तथापि कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याने गाडी परदेशी बनावटीची पाहून एक प्रश्न विचारला: ही बंदरातून सुटली तेव्हाचा सीमाशुल्काचा दाखला कुठे आहे? तो कागद त्याच्यापाशी नव्हता. ज्याने गाडी विकली त्याच्यापाशीही नव्हता. त्या व्यापाऱ्याचा दूरध्वनी दोन दिवस वाजत राहिला आणि तिसऱ्या दिवशी बंद झाला.

"सर, पैसं मी दिलं, इमा माझ्या नावावर, बुक माझ्या नावावर. मग गाडी माझी हाय का न्हाई, एवढंच सांगा," तो म्हणाला. मी अर्थशास्त्र शिकवतो, कायदा नव्हे. परंतु खेड्यातील प्राध्यापकाला सगळ्याच विषयांचा जाणकार समजले जाते. म्हणून मी कागद ठेवून घेतले आणि आठ दिवस नियम वाचीत बसलो. त्या वाचनातून जे दिसले ते एका गाडीपुरते नाही, म्हणून हा लेख.

वापरलेली मोटार परदेशातून आणून आपल्या रस्त्यावर चालवायची झाल्यास दोन निरनिराळ्या कायद्यांच्या दारांतून तिला जावे लागते. पहिले दार परदेश व्यापाराचे. आयात धोरणाच्या अनुसूचीत मोटारींचे जे ८७ वे प्रकरण आहे, त्याच्या टिपेत अटी सांगितलेल्या आहेत. गाडी बांधून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. सुकाणू उजव्या बाजूस असावे. वेगमापकावर किलोमीटर दिसावेत. दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा असावा. गाडी जहाजावर चढण्यापूर्वी तिकडच्या मान्य संस्थेने तपासून ती आपल्या मोटार वाहन कायद्यात बसते असे प्रमाणपत्र द्यावे. आयातीनंतर निदान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तेवढा काळ तिची दुरुस्ती-देखभाल इथे होईल, अशी हमी आयातदाराने द्यावी. एवढे करून गाडी येणार ती केवळ मुंबई बंदरात. तिथेही ती लगेच सुटत नाही. पुण्याची एआरएआय, अहमदनगरची (म्हणजे आताच्या अहिल्यानगरची) व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातील बुदनीची शेती-यंत्र संस्था, यांपैकी एकीकडे तिची पुन्हा चाचणी व्हावी लागते. तीनपैकी दोन संस्था महाराष्ट्रात आहेत ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट खरी. एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली, मोटार उद्योगाने उभारलेली संशोधन संस्था. व्हीआरडीई संरक्षण खात्याची. रणगाड्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून एखाद्या गृहस्थाच्या कौटुंबिक मोटारीची परीक्षा व्हावी, यात थोडी गंमत आहे.

दुसरे दार नोंदणीचे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ४७ वा नियम पहिल्या नोंदणीच्या अर्जाला कोणते कागद जोडावेत हे सांगतो, आणि त्यांत आयात गाडीसाठी सीमाशुल्क विभागाचा सुटकेचा दाखला स्पष्टपणे मागितलेला आहे. म्हणजे नियमाप्रमाणे पाहता, हा दाखला एकदाच, अगदी पहिल्या आरटीओ कार्यालयात पाहिला जातो. नंतर गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली की मूळ कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार नवे पासिंग घ्यायचे, ४८ व्या कलमानुसार एनओसी आणायची. पण या वेळी प्रत्येक कार्यालय मागच्या कार्यालयाच्या कागदावर विश्वास ठेवते. पहिला कागद खोटा असेल, तर तो खोटेपणा प्रत्येक हस्तांतराबरोबर धुतला जातो. तीन शिक्के बसले की त्या कागदाला न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखे तेज चढते.

या विद्यार्थ्याच्या आरसी बुकात मला जे सापडले ते कोणत्याही तज्ज्ञाच्या मदतीशिवाय सापडण्याजोगे होते. त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत. एकात बांधणीचे साल लिहिले आहे, २०१४. दुसऱ्यात पहिल्या नोंदणीची तारीख आहे, ती एका डोंगराळ राज्यातील कार्यालयाची, २०१९ ची. मधली पाच वर्षे ही गाडी कुठे होती? परदेशात वापरात असेल, तर तीन वर्षांची अट ओलांडून ती मुंबई बंदरातून सुटलीच कशी? आणि आधीच देशात असेल, तर पाच वर्षे नोंदणीवाचून कुणाच्या अंगणात उभी होती? परदेशातून कायमच्या परतणाऱ्या नागरिकाला स्वतःच्या वापरातील गाडी आणण्याची सवलत निरनिराळ्या काळी निरनिराळ्या अटींवर मिळत आलेली आहे, परदेशी वकिलातींच्या गाड्याही अधूनमधून विकल्या जातात, हे मला ठाऊक आहे. परंतु तसे असते तर त्याचा काही धागा कागदात असता. तो नव्हता. हे दोन रकाने त्या डोंगराळ राज्यातील कारकुनाने भरले, केरळातील कारकुनाने वाचले, विमा कंपनीच्या माणसाने नकलून घेतले, आणि अठरा लाख रुपये देणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यानेही पाहिले. कुणालाही वजाबाकी करावीशी वाटली नाही.

वाचकांना आठवत असेल, २०२५ च्या सप्टेंबरात कोचीच्या सीमाशुल्क विभागाने 'नुमखोर' या नावाने मोठी मोहीम काढली. भूतानी भाषेतील हा शब्द वाहनासाठी आहे. भूतानात वापरून निकालात काढलेल्या महागड्या मोटारी शुल्क न भरता सरहद्दीवरून आत आणल्या जातात, बनावट कागदांवर हिमाचल प्रदेशासारख्या राज्यांत त्यांची नोंदणी होते आणि मग त्या दक्षिणेत हौशी गिऱ्हाइकांना विकल्या जातात, असा त्या विभागाचा आरोप होता. केरळात तीसहून अधिक गाड्या ताब्यात घेण्यात आल्या. नामवंत चित्रपट अभिनेत्यांच्या घरांची झडती झाल्यामुळे वृत्तपत्रांनी चार दिवस तीच चर्चा केली. अभिनेत्यांना वकील परवडतात. त्याच बाजारातून, त्याच व्यापाऱ्यांकडून गाडी घेतलेल्या गलाईवाल्याचे काय, हे कुणी विचारले नाही. आमच्याकडच्या कार्यालयातील अधिकाऱ्याने मागितलेला दाखला हा त्या मोहिमेनंतर सगळीकडे आलेल्या सावधपणाचा भाग असावा, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. किंबहुना चौथ्या टेबलावर का होईना, योग्य प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस.

नियम कशासाठी?

आता प्रश्न असा की, इतके कडक नियम असताना हा चोरटा व्यापार चालतो कसा? माझे उत्तर असे की, तो नियम कडक असल्यामुळेच चालतो. आणि यात दोष कडकपणाचा नसून त्या नियमांच्या मागे दडवलेल्या हेतूचा आहे.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. स्वातंत्र्यानंतरची चार दशके आपल्याकडे परदेशी मोटार ही परवान्याची वस्तू होती. वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि मुंबईतील एखादा डॉक्टर वा चित्रपट निर्माता ती निविदा जिंकली की धन्यता मानी. गोव्यात मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमदानीतील मोकळ्या आयातीमुळे जर्मन मर्सिडीज गाड्या टॅक्सी म्हणून धावत. मुक्तीनंतर तिथे गेलेल्या आपल्या माणसांना त्या पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. १९९१ नंतर हवा बदलली तरी ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध आपण धरून ठेवले होते. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, आपण तो हरलो, आणि उरलेले निर्बंध दोन हप्त्यांत उठवावे लागले. २००० च्या १ एप्रिलला ७१४ वस्तू मोकळ्या झाल्या आणि २००१ च्या १ एप्रिलला आणखी ७१५. त्या दुसऱ्या यादीच्या वेळी देशातील मोटार कारखानदारांच्या पोटात गोळा आला. जपानात गाडी जुनी होऊ लागली की सक्तीच्या तपासणीचा खर्च वाढत जातो, म्हणून तिथले लोक चांगल्या चालत्या गाड्या स्वस्तात काढून टाकतात. आणि त्या गाड्या आपल्यासारख्याच उजव्या सुकाणूच्या! त्यांचा लोंढा आला तर पुणे, चेन्नई, गुरगाव येथील कारखाने बुडतील अशी भीती होती, आणि ती निराधार नव्हती.

तेव्हा सरकारने दोन बांध घातले. पहिला शुल्काचा. २००१ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारीवरील मूळ सीमाशुल्क १०५ टक्के करण्यात आले. इतर कर मिळून तो भार सुमारे १८० टक्क्यांवर गेला. पुढे २०१३ साली मूळ दर १२५ टक्क्यांवर नेला. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क खाली आणून तीच जागा अधिभाराने भरून काढण्यात आली. आकड्यांची नावे बदलली, ओझे होते तिथेच राहिले. दुसरा बांध वर सांगितलेल्या अटींचा. हे दोन्ही बांध उद्योगाच्या संरक्षणासाठी होते हे उघड आहे, आणि संरक्षण हे काही पाप नाही. जपान आणि कोरिया यांनी आपली बाजारपेठ सांभाळूनच मोटारी बनवायला शिकून घेतले. जुन्या गाड्या मुक्तपणे येऊ देणाऱ्या देशांचे काय होते हेही दिसते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली काढलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या मोटारी जगभर निर्यात झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. त्या देशांच्या रस्त्यांवरील धूर आणि अपघात यांत त्यांचा वाटा आहे. केनियासारख्या देशाने आठ वर्षांची वयोमर्यादा घातली ती उगीच नाही. दुष्काळी तालुक्यात राहणारा मी, दुसऱ्यांनी टाकलेल्या लोखंडाचे आगर आपला देश व्हावा असे कधीही म्हणणार नाही.

परंतु संरक्षणाला संरक्षण म्हणावे, सुरक्षितता म्हणू नये. सुकाणूचेच पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमानुसार डाव्या सुकाणूची गाडी आपल्या रस्त्यावर चालवता येते. अट एवढीच की तिला इशारा देणारे यांत्रिक वा विजेचे साधन असावे. म्हणजे वाहतुकीचा कायदा म्हणतो 'चालेल', आणि आयातीची टीप म्हणते 'नाही'. दोघांचाही विषय सुरक्षितता असता, तर उत्तर एक आले असते. वयाचेही तसेच. तीन वर्षे आणि एक महिना वयाची जपानी गाडी धोकादायक, आणि पंधरा वर्षे पुरी करून पुनर्नोंदणीला उभी असलेली आमच्या बाजारातली जीप, जिच्या मागच्या पायरीवर सहा माणसे लोंबकळत येतात, ती सुरक्षित, असा याचा अर्थ होतो. तांत्रिक परीक्षा आणि आर्थिक अडथळा एकाच कागदावर लिहिले की दोन्हींची विश्वासार्हता जाते. तपासणाऱ्याला ठाऊक असते की आपण यंत्र तपासत नसून दार अडवीत आहोत. आणि दार अडवणाऱ्याची किंमत ठरवता येते.

या किमतीचा हिशेब सोपा आहे. परदेशात दहा लाखांना मिळणाऱ्या गाडीवर १२५ टक्क्यांनी निव्वळ मूळ शुल्क साडेबारा लाख होते. वरचे कर निराळेच. ते चुकवता आले तर हाती येणारी रक्कम गाडीच्या किमतीहून मोठी. मग एक खोटा दाखला छापायला, एक कारकून वश करायला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दोनदा पासिंग फिरवायला जो खर्च येतो तो त्यापुढे किरकोळ. आमच्या गलाईवाल्यांना हे गणित शिकवावे लागत नाही. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने सोन्याचा चोरटा व्यापार थांबला नाही, वाढला. १९६८ चा कायदा अखेर १९९० साली रद्द करावा लागला. २०२२ साली सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवर गेले तेव्हा पुन्हा तोच खेळ सुरू झाला आणि २०२४ च्या जुलैत ते ६ टक्क्यांवर आणल्यावर त्यातली कमाई एका दिवसात आटली. शुल्काचा दर आणि तस्कराचा नफा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

जाता जाता एका प्रसिद्ध मोटारीचा उल्लेख केला पाहिजे. सचिन तेंडुलकर यांना भेट मिळालेल्या फेरारी गाडीवरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे शुल्क २००३ साली केंद्र सरकारने माफ केले, त्यावरून गहजब झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी ती रक्कम गाडी देणाऱ्या कंपनीने भरली. त्या वेळी चर्चा झाली ती खेळाडूला सवलत द्यावी की नाही याची. ज्या दराने भेटीपेक्षा भेटीवरचा कर जड होतो, त्या दराची चर्चा कुणी केली नाही.

सोन्याला जे जमले

गलाईच्या दुकानात जुनी पाटली येते तेव्हा तिचा कस लावला जातो. ती त्रिचूरला घडली की कलकत्त्याला, याने कसाला फरक पडत नाही. २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि आता प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. गिऱ्हाईक दुकानात उभ्या उभ्या भ्रमणध्वनीवर तो क्रमांक टाकून दागिना कुठे आणि किती शुद्धतेचा ठरला हे पाहू शकते. केरळात हॉलमार्क झालेली चेन आटपाडीत आणली म्हणून तिचे 'पासिंग' पुन्हा करावे लागत नाही. वीस हजारांच्या अंगठीला जी सोय आहे ती अठरा लाखांच्या मोटारीला नाही. आरसी बुकावर चासी क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो, रंगसुद्धा असतो; ज्या बिल ऑफ एंट्रीवर ती गाडी देशात शिरली त्याचा क्रमांक नसतो. देशभरातील नोंदणी आज एका संगणक प्रणालीत आहे. सीमाशुल्क विभागाचे व्यवहारही संगणकावर आहेत. दोन्ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतील प्रणाली आहेत. परदेशी गाडीचा चासी क्रमांक टाकताच शुल्क भरल्याची नोंद समोर आली पाहिजे आणि ती नसेल तर पहिली नोंदणी पुढे सरकताच कामा नये. शिवाय ती नोंद अधिकाऱ्याइतकीच खरेदीदारालाही दिसली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. ४७ वा नियम जो दाखला मागतो तो कागदाऐवजी प्रणालीकडून मागायचा, इतकेच.

राज्याराज्यांतील सीमा हा याच रोगाचा घरगुती प्रकार आहे. वाहनांवरील कर हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय. वस्तू व सेवा कर आला, नाके उठले, पण मोटारीचा एकरकमी कर राज्याराज्यांत वेगळा राहिला. केरळात भरलेला कर तिथे परत मागायचा, इथे नव्याने भरायचा आणि परतावा येईपर्यंत दोन्हींचे व्याज आपण सोसायचे, हा अनुभव आमच्या तालुक्यातील शेकडो कुटुंबांना आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०१४ साली तर बाहेरची गाडी तीस दिवसांहून अधिक राहिली की आजीव कर भरावा अशी दुरुस्ती केली होती. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आटपाडी महाल औंध संस्थानात होता आणि औंधला जायचे तर मध्ये ब्रिटिश मुलूख ओलांडावा लागे, हे ज्येष्ठ मंडळींकडून ऐकलेले आहे. ती संस्थाने गेली, मोटारींची संस्थाने राहिली.

यावर उपाय म्हणून २०२१ साली केंद्राने 'बीएच' म्हणजे भारत मालिकेचे पासिंग सुरू केले. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि कुठल्याही राज्यात जायचे. कल्पना उत्तम. पण ती कुणासाठी? केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी, लष्करी जवान, आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांच्यासाठी. ज्याचे दुकान केरळात, भाऊ कानपुरात, शेत आटपाडीत, असा स्वतःच्या हिमतीवर देश पालथा घालणारा गलाईवाला त्यात बसत नाही, कारण तो कुणाचा नोकर नाही. देशांतर्गत स्थलांतर म्हणजे बदली, अशी दिल्लीची समजूत दिसते. आयकर विवरणपत्र किंवा दोन राज्यांतील व्यवसाय नोंदणी हा आधार मानून ही मालिका स्वयंरोजगारांना खुली करता येईल. आमच्या भागातील लोकप्रतिनिधींनी याचा पाठपुरावा केला तर तो पक्षभेदापलीकडचा विषय ठरेल.

आता राहिला प्रश्न गाडी कुणाची हा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली जप्ती होते ती मालाची. तो कुणाच्या हाती आहे, त्याने तो किती प्रामाणिकपणे घेतला, याने मालाचा दोष जात नाही. १२५ व्या कलमानुसार दंड भरून माल सोडवून घेण्याची मुभा देता येते. परंतु आयातीला बंदी वा निर्बंध असलेल्या वस्तूंच्या बाबतीत ती द्यावी की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. नोंदणी खोट्या कागदांवर मिळवलेली आढळली तर मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाखाली ती रद्द होऊ शकते. दिलासा आहे तो असा की, कोचीच्याच एका जुन्या पोर्शे गाडीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, ज्याने गाडी आयात केली तो आयातदार, पुढच्या खरेदीदाराकडून शुल्क वसूल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे मूळ शुल्काचे लाखो रुपये माझ्या विद्यार्थ्याच्या मानगुटीवर बसू नयेत अशी आशा आहे. गाडी मात्र हातची जाऊ शकते. अठरा लाख परत मिळवायचे तर १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विक्रेत्यावर दावा लावायचा, आणि तो विक्रेता दूरध्वनी उचलत नाही.

माझे मत विचाराल तर, जो खरेदीदार आपण होऊन कागद घेऊन सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे जातो, ज्याने पैसे बँकेतून दिले आहेत आणि ज्याच्या आधी दोन सरकारी कार्यालयांनी त्या गाडीवर शिक्का मारला आहे, त्याला दंड भरून गाडी सोडवण्याची संधी हक्क म्हणून मिळाली पाहिजे. सरकारच्या शिक्क्यावर विश्वास ठेवणे हा ज्याचा गुन्हा, त्याला लपून राहणाऱ्याच्या रांगेत उभे करणे बरोबर नाही. शिवाय ते सरकारच्या तोट्याचेही आहे. अशी माणसे पुढे आली तर त्यांच्याकडच्या कागदांवरून पहिला खोटा दाखला कुठे छापला गेला तिथवर पोचता येते. घाबरून गप्प बसली तर गाडी रातोरात आणखी एका राज्यात विकली जाते.

हा शेवटचा सल्लाही त्याला मिळाला होता. यात्रेतच भेटलेल्या एका एजंटाने, "ईशान्येकडं धाडू, तिकडं पासिंग हुतंय," असे सांगून दीड लाखाचा आकडा लावला. तो आकडा मला सांगताना विद्यार्थ्याची मान खाली होती. घरात बहिणीचे लग्न ठरले आहे, बागेवर कर्ज आहे. मी त्याला माझ्या समजुतीप्रमाणे काय ते सांगितले, सांगलीतील एका वकिलाचे नाव दिले आणि त्या डोंगराळ राज्यातील कार्यालयाकडे माहिती अधिकारात मूळ नोंदणीच्या कागदांच्या प्रती मागणारा अर्ज लिहून दिला. त्याच्या वडिलांना यातले फारसे उमगले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोन्याचा कस लावण्यात भावाला मदत केलेला तो म्हातारा एवढेच म्हणाला, "पोरानं आगीत घालून बघाय पायजे हुतं."

गाडी त्यांच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा ती सुरू केली जाते. रस्त्यावर काढलेली नाही. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला आहे. पोचपावती आली, उत्तर यायचे आहे.